वॉशरूमच्या दाराबाहेर

आमच्या घरात त्या जागेला नावच नव्हतं. घरामागे, परड्याच्या टोकाला, फणसाच्या पलीकडे, चिऱ्याच्या चार भिंती आणि पत्र्याचं दार अशी ती खोली उभी होती. घरातलं प्रत्येक माणूस तिथे जात होतं, पण तोंडाने तिला कुणी काही म्हणत नसे. पुरुष खाकरून उठत. मुलं करंगळी वर करत. एकदा ग्रामपंचायतीच्या माणसाने येऊन "शौचालय आहे का?" असं विचारलं, तर माझे सासरे इतके गांगरले की त्यांनी त्याला नेऊन गोठा दाखवला.

मी सावर्ड्याची. माझं माहेर भर बाजारपेठेत. तिथे संडासाला संडास म्हणत आणि घाई असली की दारावर थापाही मारत. लग्न होऊन इकडे, हातखंब्याहून रत्नागिरीकडे येताना आत वळावं लागतं त्या आमच्या वाडीत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी पंचाईत झाली. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगावर जड शालू, आणि विचारायचं तर कुणाला, कुठल्या तोंडाने? तिन्हीसांजा झाल्या तशी मी माजघरात या पायावरून त्या पायावर होत उभी. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं, कोनाड्यातली बॅटरी उचलली, बालदीतून तांब्या भरून घेतला आणि म्हणाल्या, "चल." कुठे ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या एका 'चल'साठी मी त्या बाईची जन्माची झाले, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जी काही जळले ती त्याच्याच पायी.

आमच्याकडे याला सोबत म्हणतात. एकटी बाई परड्यात जात नाही. दुसरी तिच्याबरोबर जाते आणि दाराबाहेर उभी राहते. एक तर फुरशाची भीती. वीत-दीड वीत साप, पाचोळ्यात पडला तर पाचोळाच दिसतो, आणि चिऱ्याच्या फटीत बसायची त्याला भारी हौस. म्हणून बाहेरचीने पाय आपटायचे, काठी वाजवायची. दुसरी गोष्ट कडीची. आमच्या त्या पत्र्याच्या दाराला आतून कडी टिकतच नाही. एका पावसाळ्यात गंजते, दुसऱ्या पावसाळ्यात हातात येते. माझ्या यजमानांनी नवी बसवली, तिचीही तीच गत. मग सासरे म्हणाले, राहू दे, बाहेर बाईमाणूस असतंच की. तेव्हापासून बाहेर उभी असलेली बाई हीच कडी. तिने बोलत राहायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. ती गप्प झाली की आतून हाक येते, "आहेस ना गो?" आणि बाहेरून म्हणायचं, "आहे."

आता बोलत राहायचं म्हणजे काय बोलायचं? पण माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणायचो, घरात एक होत्या आणि परड्यात एक. घरात त्या सासू. मीठ कमी झालंय, पदर सावर, दूध उतू जातंय, बस्स. मध्ये तो पत्रा आला की त्यांची जीभ सुटायची. समोरचीचं तोंड दिसत नाही, म्हणून असेल. पत्र्याआडूनच त्यांनी मला सांगितलं की त्यांचं पहिलं मूल जगलं नाही आणि त्याच्याबद्दल या घरात परत कुणी शब्द काढला नाही. पत्र्याआडूनच सांगितलं की सासऱ्यांना त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते अंतरपाट दूर झाल्यावर, "आणि बाय माझे, ते नाक बघून मला रडूच आलं!" मी आत हसून हसून बेजार. मला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. वाडीतल्या बायका टोमणे मारायच्या, आई सगळ्यांसमोर गप्पच बसायच्या, आणि मला त्याचा राग यायचा. मग एका संध्याकाळी, मी आत असताना, बाहेरून म्हणाल्या, "झालं तर झालं, नाय तर नाय. तू आहेस ना माझी?" पुढे मुलगा झाला, शिकला, आता पुण्याला असतो. पण ते वाक्य मी कुणाला देणार नाही.

तर हे असं सगळं माझं एकटीचं होतं. मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. जन्म मुंबईत, नोकरी मुंबईत, एका मोठ्या ऑफिसात. कुठल्या खुर्च्या कुठे ठेवायच्या आणि कुठल्या दारावर काय पाटी लावायची, हे बघायचं तिचं काम. लग्नापासून ती गणपतीला आणि मे महिन्यात तेवढी यायची आणि नाकाला रुमाल लावून परड्यात जायची. दीर निवृत्त झाले तसा मुंबईचा फ्लॅट लेकीला देऊन दोघं कायमची गावी आली. बरोबर टेम्पोभर सामान आणि पोतंभर इंग्रजी.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी पडवीत बसून मला म्हणते, "ताई, टॉयलेट नाही म्हणायचं. वॉशरूम म्हणायचं."

मी कुठे काय म्हटलं होतं! पण तिला सांगायचंच होतं. तिच्या ऑफिसात म्हणे शिपायांच्या मजल्यावर टॉयलेट, साध्या स्टाफच्या मजल्यावर वॉशरूम, आणि साहेबांकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी रेस्टरूम. नळ तेच, पाणी तेच, झाडणारी बाईसुद्धा तीच. पाट्या तेवढ्या वेगळ्या, आणि त्या हिने स्वतः उभं राहून लावून घेतलेल्या. बाथरूम म्हटलं तर आंघोळ करायलाच हवी असं नाही. तिकडे इंग्लंडात म्हणे लू म्हणतात. पूर्वी तिच्या शाळेत लॅट्रीन म्हणत, ते आता मिलिटरीवाले सोडून कुणी म्हणत नाही.

"आणि रेस्टरूम म्हणजे काय गो?" आईंनी विचारलं.

"विश्रांतीची खोली, आई."

"आमच्या पत्र्याआड विश्रांती घेत बसलीस तर फुरसं येईल पाय चेपायला," मी म्हटलं.

यजमान हसले, दीर हसले. आई हसल्या नाहीत. त्या आपल्या पुटपुटत होत्या, "वॉश्रुम. वॉश्रुम." नवं नाव पाठ करावं तसं. बघा म्हणजे! ज्या बाईने सगळा जन्म त्या जागेचं नाव घेतलं नाही, तिच्या तोंडात हिने दुसऱ्या दिवशी नाव घातलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून आत गेले आणि कारण नसताना डबे पुसत बसले.

त्यावर कळस झाला तो हातखंब्याला. मंडणगडला नात्यातलं लग्न होतं, गाडी करून गेलो होतो, परत येत होतो. प्रवासात मी आणि आई सकाळपासून पाणी पीत नाही. घोटभर घ्यायचं, तोंड ओलं करायचं, की घरापर्यंत दम धरायचा. हायवेवर कुठे जायचं आणि कुणाला विचारायचं? ही आमची दोघींची पद्धत, तिच्यात आम्ही कधी चुकलो नाही. पण त्या दिवशी मंडणगडात सोलकढी झकास होती आणि आईंनी दोन वाट्या मारल्या होत्या. संगमेश्वरापासून त्यांची चुळबुळ मी बघत होते आणि हळूच त्यांचा हात दाबत होते, आलंच घर, आलंच. हातखंब्याला पुरुषांना चहा हवा झाला. एका हॉटेलापाशी गाडी थांबली. धाकटी उतरली, तरातरा गल्ल्यावर गेली आणि चारचौघांत, एवढ्या पुरुषांच्या गर्दीत, खणखणीत आवाजात विचारलं, "वॉशरूम कुठे आहे?"

मी डोळे मिटून घेतले. पण गल्ल्यावरचा माणूस चटकन उभा राहिला, "या ना मॅडम," म्हणाला आणि खणातून किल्ली काढून दिली. मागच्या बाजूला स्वच्छ, आरसाबिरसा असलेली खोली होती म्हणे. मी गेले नाही. मला गरज नाही म्हणून सांगितलं. होती गरज, पण जीव गेला असता तरी मी त्या किल्लीने गेले नसते.

आई परत आल्या त्या चेहरा उजळूनच. "एका शब्दावर किल्ली काढून दिलीन हो," त्या गाडीत बसताना म्हणाल्या, आणि धाकटीने पुढे केलेली बाटली तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायल्या. प्रवासात त्यांना पोटभर पाणी पिताना मी पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर तहानलेली राहिले, त्याची काही किंमत नाही का हो? आणि ही आली आणि एका शब्दात पाणी पाजून मोकळी झाली. घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. काजूची झाडं मोजली म्हणा.

मग आईंचे गुडघे गेले. परड्यापर्यंत जायचं म्हणजे त्यांना वाटेत फणसापाशी टेकायला लागायचं. मी हाताला धरून न्यायचे, वेळ लागायचा, पण वेळ लागला तर माझी काय ना होती? उलट तेवढंच जास्त बोलणं व्हायचं. दिराने आणि धाकटीने ठरवून टाकलं: आईंच्या खोलीला लागूनच बांधायचं. कातळ फोडायला मशीन आलं, अंगण सगळं लाल धुळीने माखलं, टाकी बसली, नळ आले, कमोड आला, पांढऱ्या टाईल्स आल्या. आणि दाराला आतून कडी आली. अशी तशी नाही, स्टीलची, लखलखीत, बोटाने ढकलली की खट्‌कन बसणारी. ती कडी मला जेवढी खुपली तेवढा कमोडही खुपला नव्हता.

काम पुरं झालं तेव्हा धाकटीने हळदीकुंकू केलं. नावाला हळदीकुंकू. वाडीतल्या सगळ्या बायका अत्तर लावून वॉशरूम बघायला आल्या होत्या. एकेक जण आत जाऊन फ्लश ओढून बघे आणि बाहेर येऊन गालाला हात लावी. "तुमच्या जाऊबाईंनी काय ते केलंनी आहे! सासूचं सोनं केलंनी." मला सांगत होत्या, मला! मी पोह्यांच्या बशा फिरवत होते. एकीने तर विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं कसं केलात हो?" मी म्हटलं, "तुम्ही करत होतात तसंच." बशी जरा जोरात ठेवली गेली.

त्या दिवसापासून मी एक नेम धरला. त्या वॉशरूममध्ये पाय टाकायचा नाही. मी आपली जुन्या पत्र्याच्या दाराआड जाणार. यजमान म्हणाले, "अगो, पावसापाण्याचं कशाला? आत आहे ना एवढं चांगलं." मी म्हटलं, "तुम्ही बसा त्या विश्रांतीच्या खोलीत. मला घसरून पडायचं नाही." सोबत नव्हती ती नव्हती. एकटी जायचे, काठी वाजवत, स्वतःशीच बोलत. लोकांना वाटलं असेल हिचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं. आत बसून कधी कधी सवयीने तोंडातून निघून जायचं, "आहात ना?" आणि बाहेर नुसता वारा.

मला एकच समाधान होतं: सोबत माझी गेली तशी कुणाचीच राहिली नाही. त्या कडीमुळे आई आता एकट्याच आत जात असणार, खट्‌कन कडी लावत असणार, बाहेर कुणीच नाही. माझ्या जागी कुणी आलं नाही. जागाच बुजली. एवढ्यावर मी दिवस काढत होते.

तेही फार टिकलं नाही. एका दुपारी सुकलेल्या कपड्यांचा भारा घेऊन आईंच्या खोलीत शिरत होते, तो आतून ओळखीचा आवाज आला.

"आहेस ना गो?"

माझ्या तोंडावर 'आहे' आलंच होतं. इतक्यात दुसरंच कुणी म्हणालं, "हो आई, इथेच आहे."

धाकटी. वॉशरूमच्या दाराबाहेर प्लास्टिकचं स्टूल टाकून बसली होती. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात आईंची काठी. दार नुसतं लोटलेलं होतं. ती लखलखीत कडी लावलेलीच नव्हती! आणि आतून आई बोलत होत्या. काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं. "ते नाक बघून मला रडूच आलं." नाकाची गोष्ट! माझी नाकाची गोष्ट! आणि ती मुंबईची बाई खी खी करून हसत होती.

मी कपडे तिथेच पलंगावर टाकले, घड्यासुद्धा घातल्या नाहीत, आणि स्वयंपाकघरात येऊन नारळ फोडला. नारळाची गरज नव्हती, पण काहीतरी फोडायला हवं होतं. नवऱ्याने दुसरी आणली असती तर मला एवढं झोंबलं नसतं, हे मी अगदी खरं सांगते.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते बघून परक्याला हसू आलं असतं. आईंनी खुर्चीत जरा अंग हलवलं की मी स्वयंपाकघरातून धावायचे आणि ती पडवीतून. कधी त्यांना नुसतं पाठ खाजवायची असायची, तरी आम्ही दोघी डावी-उजवीकडून हजर. "आई, वॉशरूम?" ती विचारायची. मी विचारायचे नाही, मी बघायचे. विचारायला लागतं म्हणजे तुला कळत नाही, असं मनात म्हणायचे. पण ती माझ्याहून लहान, पायाने चपळ. माझ्या उजव्या गुडघ्यातही आताशा कळ येत होती. दहातल्या नऊ वेळा तीच पोचायची, आणि मग आतून त्या दोघींचा आवाज यायचा, आणि मी वरणाला फोडणी देताना मोहरी करपवायचे.

आईंच्या हे सगळं लक्षात येत होतं की नाही, मला कळत नव्हतं. त्या काही बोलायच्या नाहीत. घरात त्या सासूच होत्या.

श्रावणातली गोष्ट. पावसाने जरा उघडीप दिली होती. धाकटी आणि दीर रत्नागिरीला गेले होते, यजमान आंब्याच्या कलमांत होते. घरात आम्ही दोघीच. मी बॅटरी नको म्हणून नुसती काठी घेतली आणि परड्याच्या दाराशी आले, तर मागून आवाज आला.

"थांब. मी येतेय."

वळून बघते तर आई, एका हातात कुबडी, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली. "तुम्ही कुठे? घसरंड आहे सगळी!" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. पायरी उतरल्या. मी धावत जाऊन दंड धरला. फणसापाशी टेकल्या, दम घेतला, परत चालायला लागल्या. मला वाटलं, कंटाळल्या त्या टाईल्सना. जुन्या जागेची आठवण झाली. खरं सांगते, मला आनंद झाला. मी मनात धाकटीला म्हटलं, बघ.

पत्र्याच्या दारापाशी आलो. मी दार उघडून धरलं. आईंनी मान हलवली आणि माझ्या हातातली काठी काढून घेतली.

"मला नाय जायचं. जा तू. मी आहे."

मी दार धरूनच उभी.

"जा गो. पाय भरून येतील माझे."

मी आत गेले. दार लोटलं. बाहेर त्यांनी काठी चिऱ्यावर वाजवली, ठक ठक, आणि मग जरा थांबून ठक. मग त्या खोकल्या. सोबतीला असल्या की त्यांची हीच पद्धत. मला कशाचीही गरज उरली नव्हती. मी नुसती बसून राहिले आणि डोळ्यांना पदर लावला.

"एकटी येतेस रोज," त्या बाहेरून म्हणाल्या. "खिडकीतून बघते मी. पावसात काठी वाजवीत जातेस."

मी पदराने डोळे पुसले.

"तिला शिकवतेय मी. लय कच्ची आहे. बाहेर उभं राहून मोबाईल बघते. बोलायचं सुचत नाय, नुसती हो आई, हो आई. काठी वाजवायची कशी तेही ठाऊक नव्हतं तिला. पण शिकेल. वाईट नाय ती."

"तिला कशाला शिकवताय?" मी आतून म्हणाले. आवाज चिरका निघाला. "तुम्हाला आता कडी आहे. सोबत लागतेय कशाला?"

"मला नकोच आहे गो सोबत. त्या पांढऱ्या खोलीत कुठलं आलंय फुरसं?" त्या म्हणाल्या. काठी एकदा वाजली. मग म्हणाल्या, "माझ्यामागे तुला कोण?"

वर फणसाच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. पत्र्यावर टप टप वाजत होतं. मला काय वाटलं ते काय सांगू? आधी वाटलं, धावत बाहेर जाऊन पाय धरावेत. आणि लगेच वाटलं, माझ्यासाठी म्हणून त्यांनी माझीच नाकाची गोष्ट त्या बाईला दिली!

"मला नकोय तिची सोबत," मी म्हणाले.

बाहेर गप्प. काठीचा आवाज नाही, खोकल्याचा नाही. एवढ्या ओल्यात, त्या वयात, तोल गेला तर?

"आई? आहात ना?"

"आहे गो," त्या म्हणाल्या. "जातेय कुठे."

पुढच्या पौषात त्या गेल्या. आजारी पडल्या नाहीत, अंथरुणाला खिळल्या नाहीत. सकाळी चहा घेतला आणि परत कपाला हात लावला नाही. दिवसकार्य झालं, मुंबईचे पाहुणे पांगले, माझा मुलगा पुण्याला परत गेला. त्या संध्याकाळी घर खायला उठलं. मी माजघरात उभी होते, या पायावरून त्या पायावर. रडायचं होतं की जायचं होतं, माझं मलाच कळत नव्हतं.

धाकटी भांडी विसळत होती. तिने मान वर करून एकदाच माझ्याकडे बघितलं. आता ही तो शब्द उच्चारणार म्हणून मी दात आवळून तयार राहिले. तिने हात पुसले, कोनाड्यातली बॅटरी घेतली, कोपऱ्यातली काठी घेतली आणि म्हणाली, "चला."

कुठे ते बोलली नाही. आईंच्या खोलीचं दार समोरच होतं, आत दिवा होता, तिकडे ती वळलीसुद्धा नाही. सरळ परड्याच्या दाराने बाहेर पडली, फणसाखालून बॅटरी मारत माझ्यापुढे चालली. मी तिच्या मागून गेले.

दार लोटून मी आत बसले. बाहेर तिने पाय आपटले. मग काठी चिऱ्यावर वाजवली, ठक ठक, आणि मग जरा थांबून ठक. मग खोकली. तिच्या मागून आले नसते तर शपथेवर सांगितलं असतं की बाहेर आईच आहेत. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी मी अशी जळले, अशी जळले की विचारू नका. ती काठी माझी होती. तो खोकला माझा होता. सगळा संसार मी त्या दाराबाहेर उभी राहिले आणि मला कधी तसं वाजवता आलं नाही. म्हातारीने शेवटी शेवटी हिला सगळंच देऊन टाकलं होतं.

बाहेर गप्प झालं. तिला बोलायचं सुचत नसेल, किंवा तिलाही रडू येत असेल. मी वाट बघितली. पाचोळा वाजला. तरी ती काही बोलेना.

"आहेस ना गो?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली.